दुपारची हाक

एका रानात पाणवठ्याची वाट रुंद करायचं ठरलं, तेव्हाची ही गोष्ट. वाटेत दोन पोकळ झाडं होती. आत कोण राहतं, ते पाहायला पंचायतीनं साळुंकीला धाडलं. तिनं भर दुपारी हाका मारल्या आणि येऊन सांगितलं, “दोन्ही रिकामी.”

पहिलं झाड काल पाडलं. आज हत्तीनं दुसऱ्याला कपाळ लावलं. मुळं कडकडली, तशी ढोलीतून पिल्लं किंचाळली. साळुंकी हत्तीच्या डोळ्यांपुढे फडफडली, “थांबा, हत्तीदादा!”

“ठराव झालाय,” सरपंच गवा डुरकला. “तूच रिकामं म्हणालीस.” पण हत्ती मागे सरला.

घुबडीण बाहेर आली. “दुपारी आम्ही झोपतो, बाई.”

“चुकलं माझं,” साळुंकी म्हणाली. “पण वाचलात.”

“आम्ही वाचलो,” घुबडीण म्हणाली. “कालच्या झाडापाशीही तू दुपारीच हाक मारली होतीस ना?”