वस्तादाचं दुखणं

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा राजे स्वतः कुस्तीच्या फडाला येऊन बसत आणि जिंकणाऱ्याला आपल्या हातानं फेटा बांधत. अशाच एका डोंगराळ राज्यात हैबती नावाचा पैलवान होता. भरज्वानीत त्याची पाठ कुणी मातीला लावू शकलं नाही. वय उताराला लागल्यावर त्यानं गावात तालीम काढली. तरुण गडी पहाटे यायचे, "वस्ताद" म्हणून पाया पडायचे, घाम गाळायचे आणि आपापल्या कामाला जायचे.

एका वर्षी तापाची साथ आली आणि हैबतीची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला सारा गाव जेवला. जो तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वस्ताद, तुम्ही खंबीर आहात. तुम्हाला आम्ही काय सांगावं?"

आणि खरोखरच कुणी काही सांगितलं नाही. कुणी काही विचारलंही नाही.

हैबती खंबीर राहिला. भाकरी थापताना मोडली, की तो पीठ पाण्यात कालवून प्यायचा आणि पडून राहायचा. समोरच्या घरात मल्हारी तेली राहायचा, हैबतीचा लहानपणापासूनचा सोबती. संध्याकाळी मल्हारी ओट्यावर दिसला, की हैबती दार लोटून घ्यायचा. मल्हारीनं नुसतं "कसा आहेस?" म्हटलं तरी आपल्याला रडू फुटेल, अशी त्याला भीती वाटे. पैलवान रडला तर गाव काय म्हणेल?

एके सकाळी तालमीत त्याचा एक शागीर्द हसत म्हणाला, "वस्ताद, आज जरा सांभाळून घ्या. काल आमच्या घरच्या बाईनं आग्रह करकरून जेवायला घातलंय."

कुस्ती लागली आणि हैबतीनं शागिर्दाचा हात असा पिळला, की खांदाच निखळला. तो गडी ओरडला तेव्हा कुठे हैबती भानावर आला. त्यानंच त्याला पाठीवर घेऊन वैद्यीण चंद्राक्काकडे नेलं.

म्हाताऱ्या चंद्राक्कानं खांदा बसवला, लेप लावला आणि त्या गड्याला घरी पाठवलं. मग हात धुता धुता तिनं विचारलं, "आता तुमचं कुठं दुखतंय ते सांगा."

"मला काय झालंय?"

"आजवर तुमच्या तालमीत कुणाला अशी इजा झाली नाही. आज झाली, ती तुमच्याच हातून."

हैबती मान खाली घालून उठला. ती मागून म्हणाली, "बाजाराच्या दिवशी दुपारी माझ्याकडं कुणी नसतं. या. इथलं बोलणं इथंच राहील."

पहिल्या बाजाराला तो गेला नाही. दुसऱ्याला गेला. चंद्राक्कानं त्याच्यापुढे अडुळशाचा ढीग ओतला आणि म्हणाली, "पानं निवडा." दोघं शेजारी बसून पानं निवडत राहिली. तिनं त्याला बोलायची घाई केली नाही.

पुढच्या खेपेला तो म्हणाला, "अक्का, झोपेचं काही औषध द्या."

"देईन की. पण झोप येत नाही, तेव्हा मनात काय येतं?"

हैबतीचे हात थांबले. तो म्हणाला, "तालमीतून घरी गेलो, की अजून हाक मारतो. 'आलो गं' म्हणतो. मग आठवतं. मग आत पाऊल टाकायची भीती वाटते. मी, हैबती, स्वतःच्या घराला भितो अक्का!"

आणि त्याला रडू फुटलं. चंद्राक्कानं त्याला उगी केलं नाही, धीर धरा असंही म्हटलं नाही. ती फक्त शेजारी बसून राहिली.

डोळे पुसून तो म्हणाला, "बाईसारखा रडलो."

"माणसासारखे रडलात," ती म्हणाली.

त्यानंतर तो दर बाजाराला जाऊ लागला. कधी बायकोच्या आठवणी सांगायचा, कधी तिच्यावरच रागवायचा. चंद्राक्का ऐकायची, मधूनच एखादा प्रश्न विचारायची. त्याचं उत्तर हैबतीला स्वतःलाच शोधावं लागायचं. एकदा तिनं विचारलं, "मी आठवड्यातून एकदा भेटते. बाकीच्या दिवशी तुम्हाला कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणी नाही, की तुम्ही कुणाला येऊ देत नाही?"

त्या संध्याकाळी हैबती रस्ता ओलांडून मल्हारीच्या ओट्यावर जाऊन बसला. फडात उतरतानाही त्याची छाती कधी इतकी धडधडली नव्हती.

"मल्हारी, मला घरात एकट्याला बसवत नाही रे."

मल्हारीनं त्याचा हात घट्ट धरला. "मी रोज तुझ्या दारापर्यंत यायचो," तो म्हणाला. "पण तुला काय विचारावं तेच सुचायचं नाही. तसाच परत फिरायचो."

मग मल्हारीच्या घरातून दोन ताटं आली.

दुसऱ्या दिवशी हैबतीनं शागिर्दाच्या घरी जाऊन माफी मागितली. रागाचं कारणही सांगितलं. त्याचं दुःख काही संपलं नाही. पण आता ते त्याच्या जेवणाच्या आणि झोपेच्या आड येईना. तालमीत कसरत झाल्यावर गडी लगेच उठून जायचे बंद झाले. वस्ताद आपलं मन मोकळं करतात हे पाहून तेही बोलू लागले.

पुढे लढाईवरून परतलेला एक शिपाई तालमीत येऊ लागला. तो कोपऱ्यात बसायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. हैबतीनं काही दिवस पाहिलं. मग बाजाराच्या दिवशी त्याला सोबत घेऊन तो चंद्राक्काच्या दाराशी गेला.

शिपाई बाहेरच थबकला. "वस्ताद, इथं तर दुबळे लोक येत असतील."

"मी दर बाजाराला येतो," हैबती म्हणाला आणि त्यानं कडी वाजवली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: मनातलं दुःख कुणापुढे तरी बोलणं हा पुरुषाचा कमीपणा नव्हे, एकटेपणातून बाहेर पडण्याची ती पहिली वाट आहे.