ठमाईची शीव

आपल्या पणजोबांनाही जो काळ जुना वाटायचा, त्या काळी घोटणशेत गावात माणसं, यक्ष, नाग आणि राक्षस शेजारी शेजारी राहत. मेल्यावर मात्र ज्याची त्याची वाट वेगळी. माणसं धुराबरोबर वर जात. यक्ष झाडात शिरत. नाग कात मागे ठेवून जमिनीखालच्या पाण्यात उतरत. राक्षसांचा दगड होई. जिवंतपणीही ते फारसे हलत नसत, त्यामुळे घरच्यांना पुष्कळदा उशिराच कळे.

मेलेल्याच्या कानात वाट सांगायचं काम ठमाईचं. ती सांगे आणि शेजारी उभा असलेला जातभाई म्हणे, "आमचा आहे." तेवढ्यानं वाट उघडे. सांगणाऱ्यानं स्वतः साक्ष द्यायची नाही, अशी रीत होती.

ठमाई माणसांतली, तिचा नवरा यक्ष. तो केव्हाच एका हिरड्यात शिरला होता. त्यांची मुलगी रानू तापानं गेली, तेव्हा ठमाई तिच्या कानाशी वाकली आणि साक्षीसाठी थांबली.

माणसांचा पुढारी गावकर म्हणाला, "आमच्यात बापाकडून धरतात, ठमाई. पोर यक्षांची."

म्हातारा यक्ष म्हणाला, "आमच्यात आईकडून. पोर तुमची."

दोन्ही रीती अगदी चोख होत्या. पोर तेवढी उरली.

चितेचा धूर वर चढलाच नाही. तो जमिनीला चिकटून सरपटत गावात परत आला, असं म्हणतात. त्या दिवसापासून तिन्हीसांजेला रानू दारोदार फिरू लागली. केसांतून धूर निघे, नखांना पालवी फुटलेली.

"काकी, मी कुठं जाऊ?"

आतून सवयीनं प्रश्न येई, "कुणातली गं तू?"

ती पुढच्या दारी जाई. सकाळी उंबऱ्यावर राख सापडे आणि राखेत उगवलेलं एक कोवळं पान. बायका ते झाडून टाकत, पण आधी इकडेतिकडे बघून घेत.

ठमाई भांडली नाही. घोंगडी घेतली, पोरीचा गार हात धरला आणि शिवेवर जाऊन बसली.

गावकर मागोमाग आला. "तुमची वाट मोकळी आहे, ठमाई. तुमच्यासाठी मी स्वतः म्हणेन."

"म्हणा की. पण आधी हिच्यासाठी."

ते रीतीत बसत नव्हतं. गावकर घरी गेला. ठमाई उठलीच नाही. ती कधी मेली ते कुणाला कळलं नाही, असं म्हणतात, कारण पोरीशी तिचं बोलणं कधी थांबलंच नाही.

मग गावात वाट सांगणारं कुणी राहिलं नाही. झाडं यक्षांना आत घेईनात. राक्षस कमरेपर्यंतच दगड होऊन कुरकुरत राहिले. मेलेली माणसं जेवायच्या वेळी पंगतीत येऊन बसू लागली, आणि उठा म्हणायची कुणाची छाती होईना.

शेवटी गावकरही मेला. त्याचा धूर सरपटत शिवेवर गेला आणि घोंगडीपुढे उभा राहिला.

"ठमाई, वाट सांगा."

"सांगते. ही कुणाची?"

रीतीचा विचार करायला आता गावकराला सवडच सवड होती. मागे म्हातारा यक्षही मरून येऊन ताटकळत होता.

"आमची," गावकर म्हणाला.

"आमचीही," यक्ष हळूच म्हणाला.

त्या संध्याकाळी ठमाईनं वाट सांगितली आणि गावकराचा धूर सरळ वर गेला.

घोटणशेतात अजून प्रत्येक तिरडी शिवेवर टेकवतात. घरचा वडीलधारा आधी म्हणतो, "रानू आमची," आणि मग आपल्या माणसाचं नाव घेतो. रानूला आता दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. पण ठमाईच्या कानात वाट सांगणारं कुणी नाही, आणि पोर आईला एकटी सोडून जात नाही, असं म्हणतात.