सदोबा वैद्यांची होडी

नदीकाठच्या एका गावात सदोबा नावाचे एक वैद्य होते. वीस वर्षं त्यांनी गावाची नाडी पाहिली. सुरुवातीला मोठ्या उमेदीनं पाहिली. पण लोक औषध न्यायचे आणि पथ्य धाब्यावर बसवायचे. वांगं खाऊ नका म्हटलं, की भरली वांगी चापून पोट धरत पुन्हा ओसरीवर हजर. होता होता सदोबांचं मनच उठलं. दारात रोगी दिसला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या.

एके दिवशी एक धट्टाकट्टा गडी आला. सदोबांनी सवयीनं त्याचा हात धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अंगात ताप मुरलाय. तीन दिवस काढा घ्या."

"वैद्यबुवा, मला कुठं काय झालंय? मी आईचं औषध न्यायला आलोय," गडी म्हणाला.

ओसरीवरचे लोक खो खो हसले. सदोबांनी मात्र चटकन त्याचा हात सोडला. आज हसण्यावारी गेलं, उद्या कुणाच्या तरी जिवावर बेतेल. त्यांनी तिथल्या तिथं खलबत्ता आपल्या बहिणीपुढं ठेवला. भागीरथी कित्येक वर्षं घरात औषधं कुटत होती, नाडी बघायलाही शिकली होती, आणि रोग्याशी तासभर बोलायचा तिला कंटाळा नव्हता. ती आधी त्या गड्याच्या आईला बघायला गेली.

वैद्यबुवांनी काम सोडल्याचं कळताच गावचे पाटील धावत आले. "हवं तर नाडी बघू नका. नुसते ओसरीवर बसून राहा. तुमच्या नावानंच गुण येतो."

बसल्या जागी मान मिळत होता. सदोबा जरा घुटमळले. मग म्हणाले, "पाटील, नाव उगाळून पाजलं तरी कुणाचा ताप उतरत नाही." आणि ते तडक केरबा सुताराकडे गेले. केरबा होड्या बांधायचा. लहानपणापासून सदोबांचा जीव त्या होड्यांवरच होता.

पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यबुवा रंधा मारायला शिकले. काय तो उत्साह! जेवायला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. गाव टिंगल करत होतं. पहिली होडी तर काठापासून चार हातांवर वैद्यबुवांसकट बुडाली. ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पोटभर हसले आणि अंगही न पुसता गळती शोधायला लागले. आपली चूक शोधण्यात इतकी मजा त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती.

दुसरी होडी तयार झाली. पाटील पाहुण्यांना घेऊन पलीकडे जायला आले. सगळे चढणार तोच सदोबांनी हात आडवा घातला. "थांबा. एक फट राहिलीय."

फट केसाएवढी होती. तेल आणि राळेत भिजवलेला कापूस तिच्यात ठोकून बसवेपर्यंत पाटील उन्हात उभे राहून चांगलेच तापले. "अहो, इतक्या बारकाईनं तर तुम्ही आमची नाडीसुद्धा बघत नव्हतात."

"म्हणूनच ती सोडली," सदोबा म्हणाले. "चला, बसा आता."

तात्पर्य: काम कितीही पुण्याचं असो, त्यातून मन उठलं तर ते नावापुरतं ओढत बसू नये, ज्याला त्याची कळकळ आहे त्याच्या हाती सोपवावं आणि आपला जीव जिथं रमतो तिथं आनंदानं नव्यानं शिकायला लागावं.