बिनगाठीची दोरी

फार फार जुनी गोष्ट आहे. ती कोणत्या राजाच्या काळात घडली हे आता कुणालाच सांगता येत नाही. उंच कड्यांच्या मुलखात मध काढणाऱ्यांच्या दहा वाड्या होत्या, आणि त्यांतल्या एका वाडीत दोन भाऊ राहत होते.

थोरला दोराला लोंबकळत कड्यावरून उतरायचा, पेटत्या पाल्याच्या धुराने माश्या उठवायचा आणि पोळं कापायचा. धाकटा वर दोर धरून बसायचा. थोरल्याचा जीव रोज धाकट्याच्या मुठीत असायचा. म्हणून भाऊ उतरण्याआधी धाकटा सगळा दोर तळहातातून सरकवून बघायचा. कुठे गाठ लागली तर तो दोर फेकून द्यायचा. दोर तुटतो तो गाठीपाशीच, हे त्या मुलखात पोरासोरांनाही माहीत होतं.

वैद्याचं घर दोन डोंगर पलीकडे होतं. मोठं आजारपण एकट्या घराला झेपत नसे. म्हणून दहा वाड्यांनी मिळून औषधाची कोठी काढली. दर वर्षी प्रत्येक घराने आपल्या मधाचा ठरलेला वाटा कोठीत द्यायचा. कुणी आजारी पडलं, तर औषधपाण्याचे दहातले नऊ भाग कोठी उचलणार, एक भाग त्या घराने सोसायचा.

कोठी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे कोठीबाबा म्हणत. लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक घराच्या नावाची एक दोरी खुंटीला टांगलेली असे. घरात आधीपासूनचं दुखणं असेल, तर कोठीबाबा त्या दोरीला गाठ मारी.

दोघे भाऊ कोठीत सामील व्हायला आले, तेव्हा रांग मोठी होती.

कोठीबाबा भराभर सांगू लागला, "कड्यावरून पडलात, तर आजपासून कोठी तुमची. नवं दुखणं आलं, तर महिन्यानंतर. जुनं असेल, तर दोन पावसाळे थांबायचं. पण ते आज सांगायचं. लपवलेल्या दुखण्याला कोठी नाही. आहे काही?"

तेवढ्यात थोरल्याला खोकल्याची उबळ आली.

"हा खोकला कधीपासून?"

"खोकला कसला, बाबा!" धाकटा मध्येच बोलला. "चार वर्षं धूर खातोय तो. आमच्या धंद्यात खोकत नाही असा एक दाखवा."

"तरी एक गाठ मारून ठेवतो."

धाकट्याने दोरी हिसकावली. "गाठबीठ काही नको! रोज दोरावर उतरणारा माणूस, आणि त्याच्या नावाच्या दोरीला गाठ?"

थोरला हसला. "राहू द्या, बाबा. दोराच्या बाबतीत हा माझंसुद्धा ऐकत नाही."

मागून लोक ओरडत होते, "आवरा की! ऊन डोक्यावर आलं." कोठीबाबाने दोरी तशीच, बिनगाठीची, टांगून ठेवली.

तीन पावसाळे गेले. भावांनी मधाचा वाटा एकदाही चुकवला नाही. मग थोरल्याला श्वास पुरेनासा झाला. खोकल्यातून रक्त पडलं. धाकट्याने त्याला पाठीवर घेतलं आणि वैद्याकडे चालायला सुरुवात केली.

वाटेत थोरला म्हणाला, "बारक्या, मधाने खोकला जातो म्हणतात. मग मी शंभर वर्षं जगायला पाहिजे, नाही का?"

"गप रे दादा. बोललास की दम लागतो."

वैद्याने छातीला कान लावला. "हे कालपरवाचं नाही. सात-आठ वर्षांचं आहे. तीन महिने इथे ठेवावं लागेल. औषध लांबून आणावं लागतं. कोठीचा होकार घेऊन ये."

धाकटा धावतच कोठीवर पोचला आणि त्याने वैद्याचं म्हणणं सांगितलं. कोठीबाबाने दोरी काढली, बोटांनी चाचपली आणि मान खाली घातली.

"दुखणं आधीचं आहे, पोरा. आणि गाठ नाही."

"गाठ मारली असती, तरी तुम्ही थांबाच म्हणाला असता ना!"

"म्हणालो असतो. दोन पावसाळे. ते केव्हाच संपले असते. आज कोठी त्याचीच असती."

धाकट्याने ती दोरी हातात घेतली. "चूक माझी आहे, बाबा. मग शिक्षा त्याला का?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "मध दहा वाड्यांचा आहे. मी एकटा देऊ शकत नाही. पण दहाही वाड्या हो म्हणाल्या, तर देता येईल. हा बघ, निघालोच."

तो काठी टेकत वाडी-वाडी फिरला. नाही असं कुणीच म्हटलं नाही. पण दहा वाड्या फिरायला अकरा दिवस लागले. वैद्याने जवळ होतं तेवढं औषध दिलं. नवव्या दिवशी थोरला गेला.

होकार घेऊन कोठीबाबा आला, तेव्हा धाकटा अंगणात एकटा बसला होता. म्हातारा त्याच्या शेजारी टेकला.

"माझंही चुकलं, बाळा. रांग बघून मी घाई केली. तुला कळलं का, एवढंही विचारलं नाही."

धाकट्याने मान वर केली. मग म्हणाला, "बाबा, अजून किती घरं अशीच गप्प बसली असतील?"

दोघे दारोदार गेले. धाकटा आपली गोष्ट सांगायचा आणि सांगताना दर वेळी रडायचा. "उशिरा सांगितलंत तरी चालेल, दहाही वाड्यांनी हो म्हटलंय. थांबणं आजपासून मोजू," कोठीबाबा म्हणायचा. लोक आधी बिचकले, मग बोलू लागले. एकीने सुजलेले सांधे दाखवले. एका बापाने लेकीची फेफरं सांगितली. लग्न मोडेल म्हणून त्याने ती आजवर झाकून ठेवली होती.

दोन पावसाळ्यांनंतर त्या लेकीला फेफरं आवरेनाशी झाली. वैद्याकडे नेलं त्याच दिवशी कोठीचा होकार पोचला. महिन्याभराने ती आपल्या पायांनी डोंगर उतरून घरी आली. बाप तिला बघून लहान पोरासारखा नाचला. धाकटाही हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

तात्पर्य: ज्या आधारावर उद्या विसंबायचं आहे, त्याचे नियम आजच पुरते समजून घ्यावेत, आणि त्याच्यापासून आपलं दुखणं लपवू नये.