पानावर आडवा हात

"पण मग ही धडधड थांबणार कधी, माई?"

वासंतीबाई थोपटे विचारत नव्हत्या, जाब मागत होत्या. नदीकाठच्या त्या लहानशा मठात गुरू म्हणून बसणाऱ्या माईंपुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. पण थोपट्यांच्या थोरल्या सुनेला हळू बोलायची सवयच नव्हती.

उन्हाळ्यात त्यांनी वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पोट आता लहानशा वाटीएवढं. वजन उतरलं, गुडघ्यांची कुरकुर थांबली. पण मूठमूठ केस गळायला लागले. आणि गोडाचा घास गेला, की थोड्याच वेळात दरदरून घाम, हातापायांना कापरं आणि छातीत ढोल.

"डॉक्टर काय म्हंतो?" माईंनी विचारलं.

"म्हणतात, सगळं छान झालंय. केस परत येतील. गोड खाऊ नका, पोट भरलं की थांबा."

"मंग थांब की."

वासंतीबाई कडवट हसल्या.

"सांगणं सोपं आहे, माई. परवा नणंदेकडं बारसं होतं. तिनं जिलबी पुढं केली. सगळ्या बायका बघतायत. एक तर तोंडावर म्हणाली, पैसे मोजून पोट कापून आली, आता आपल्या घरचं गोड लागेना हिला!"

"खाल्लीस?"

"अर्धी."

"कुणासाठी?"

"नणंदेसाठी."

"आन घाम कुणाला सुटला? नणंदेला?"

वासंतीबाईंना ते बारसं पुन्हा आठवलं.

त्या दिवशी त्या मागच्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर पडून होत्या. बाहेर बायका पाळणा म्हणत होत्या आणि आत या पदर तोंडात कोंबून रडत होत्या. आपण आता मरतोय असं त्यांना वाटलं होतं. नवऱ्यालासुद्धा हे सांगितलं नव्हतं.

गंमत अशी, की आग्रहाची ही विद्या गावाला शिकवली कुणी? याच बाईंनी. त्यांच्या पंगतीतून शेवटचा लाडू नाकारून उठलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. पेरलं होतं तेच आता उगवलं होतं.

"मला उपदेश नको, माई. उपाय सांगा. एखादा जप द्या."

"जेवायला बस," माई म्हणाल्या.

गुरुवारची पंगत होती, गव्हाची खीर होती. मठाचा नियम एकच. पानात पडलं ते संपवायचं, टाकायचं नाही. आणि माई स्वतः वाढायला आल्या, तर त्यांना नको म्हणायची रीतच नव्हती.

वासंतीबाईंनी चार घास वरणभात सावकाश चावून खाल्ला. पोट भरलं. त्या थांबल्या. तेवढ्यात खिरीची बादली घेऊन माई पुढ्यात उभ्या राहिल्या.

"बास माई, झालं माझं."

"एवढ्यानं काय हुतंय?"

"माई, आत्ताच तर सांगितलं तुम्हाला..."

"माझ्यासाठी. एकच पळी."

शेजारची बाई वाकून म्हणाली, "घ्या हो! माईंच्या हातचं कुणाच्या नशिबात असतं!"

वासंतीबाईंना ही सगळी वाक्यं तोंडपाठ होती. त्यांचीच होती ती. पळी पानावर आली. आता ही पडली, की संपवावी लागणार. मग ती अंधारी खोली, तो ढोल, तोंडात पदर...

त्यांना राग आला. माईंचा आला, नणंदेचा आला, त्या शेजारणीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

त्यांनी पानावर हात आडवा धरला.

माईंनी पळी तशीच कलती केली.

खीर कोमट होती. ती हातावर पडली, बोटांवरून ओघळली, बांगड्यांत शिरली. पंगतीतले घास थांबले. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

हात हलला नाही.

"काढ हात," माई म्हणाल्या.

"नाही."

"परसाद हाय."

"असू दे."

माईंनी पुन्हा पळी भरली. पुन्हा ओतली. खीर मनगटावरून कोपरापर्यंत आली. वासंतीबाईंचे डोळे भरले होते, पण मान वर होती.

"सगळी पंगत बघतीया."

"बघू दे."

"गुरूचा अपमान हुतोय."

वासंतीबाईंनी माईंच्या डोळ्याला डोळा भिडवला. आवाज अजिबात थरथरला नाही.

"होत असेल तर होऊ दे, माई. पोट माझं आहे."

...

माईंनी बादली खाली ठेवली. वासंतीबाईंच्या खिरीनं माखलेल्या हाताकडं बघितलं. मग शेजारणीनं लगबगीनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी बाजूला सारला.

"हात धुवू नगंस," त्या म्हणाल्या. "असाच घरला ने. जप मागत हुतीस न्हवं? ह्योच त्यो."