वेगकाट्याचा खरेपणा

फार वर्षांमागे एका विमानात वेगकाटा राहत होता. विमानाच्या नाकाशी बारीक नळी होती. तिच्यातून वारा आला की काटा वेग सांगायचा.

खंडेनवमीला भार्गव मेस्त्रींनी विमानाची पूजा केली. अगदी मनापासून केली हो! नळीच्या तोंडावरही ओल्या गंधाचं जाड बोट उठवलं. गंध वाळलं नि भोक बुजलं.

“तबकडीकाकू, मला वारा लागेना!” काटा शेजारच्या, उंची दाखवणाऱ्या तबकडीला म्हणाला.

“सणाचं रडगाणं नको. दाखव कुठलाही आकडा, मेस्त्री खूश होतील.”

“अहो, साठ माणसं बसणार. खोटं कसं सांगू?”

दुसऱ्या दिवशी विमान धावपट्टीवर धावलं, पण काटा शून्यावरच राहिला. घाबरून वैमानिकबाईंनी विमान थांबवलं. माणसं वाचली.

“ऐन सणात दगा दिलास!” म्हणत मेस्त्रींनी काटा उपसून भंगारात टाकला. नवा बसवला. नळीकडे कुणी पाहिलंच नाही.

“काकू, आधी इथे कोण होतं?” नव्या काट्याने विचारलं.

“होता एक हट्टी. तू शहाण्यासारखा वाग.”

नव्याने मान डोलावली. साठ माणसं घेऊन विमान धावू लागलं, आणि वारा न लागताच तो मनाचे आकडे दाखवू लागला.