अंधारातला नाच

फार मागे, एका जांभळीच्या ढोलीत सातेरी मधमाश्यांचं लहानसं पोळं होतं. त्यांच्यातली एखादी फुलं शोधून आली, की ढोलीच्या अंधारात नाचायची. बाकीच्या तिला मिशा टेकवून त्या नाचातून फुलांची वाट समजून घ्यायच्या.

पुढे समोरच्या कड्यावर आग्यामाश्यांचं भलंमोठं पोळं लागलं. त्या उजेडात नाचत, दुरूनसुद्धा दिसत. सातेरीच्या तरुण माश्या दिवसभर तो नाच बघत तिकडेच रमू लागल्या; ढोलीतला नाच शिकायचा राहूनच गेला. “आपलं मेलं अंधारातलं चाचपडणं! लाज वाटते,” त्यांच्यातली पिंगी म्हणायची.

उन्हाळ्यात रान करपलं. आग्यामाश्या कडा सोडून निघून गेल्या. सातेरीच्या पोळ्यातला मध संपत आला.

एका दुपारी पोळ्यातली नाच जाणणारी शेवटची म्हातारी माशी फाटक्या पंखांनी परतली. पाय परागानं पिवळे झाले होते. ती नाचू लागली.

“आजी, इथं काही दिसत नाही. तोंडानं सांग ना!” पिंगी म्हणाली.

“वाट तोंडानं सांगता येत नाही, पोरी. जवळ ये. मिशा टेकव.”

पिंगीनं टेकवल्या, मग बाकीच्यांनीही. त्यांना नुसती थरथर कळली, वाट नाही.

आजी पुन्हा नाचली. पुन्हा नाचली. संध्याकाळी पडली, ती उठलीच नाही.

सगळ्याजणी तिच्याभोवती गोळा झाल्या. पायांवरचा पराग अजून ताजा होता. फुलं फार लांब नव्हती.